मागच्या सीटवरून

आई आठ महिन्यांनी माझ्या गाडीत बसली. मागच्या सीटवर, डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागी. अर्धा तास झाला असेल, तिने पुढच्या सीटची पाठ हाताने घट्ट धरली आणि म्हणाली, "गाडी तीच आहे ना गं? पूर्वी अशी हेलकावत नव्हती."

मी म्हटलं, रस्ता खराब आहे. खरं तर रस्ता चांगला होता. बोलून गेल्यावर माझं मलाच ते खटकलं आणि पुढचा सगळा वेळ मी गाडीकडे लक्ष देऊन चालवत राहिले. एक हलकासा उंचवटा आला. गाडी वर गेली, खाली आली, पुन्हा थोडी वर गेली, पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही किंचित. मग शांत झाली. हे रोजच होत असणार. मी रोज ही गाडी चालवते, १,१०,००० किलोमीटर झालेत तिचे, आणि मला ते एकदाही जाणवलं नव्हतं.

त्या रात्री मला याचंच वाईट वाटत राहिलं. गाडी जुनी होणार, भाग झिजणार, त्याचं काही नाही. पण ज्या गोष्टीला आपण रोज हात लावतो ती बिघडत असताना आपल्याला पत्ता लागू नये?

नंतर कळत गेलं की पत्ता न लागण्याचं कारण रोज हात लावणं हेच होतं. सस्पेन्शन, म्हणजे गाडीला चाकांवर झुलती ठेवणारी सगळी रचना, एका दिवसात जात नाही. टायर पंक्चर होतो, बॅटरी बसते, बल्ब उडतो, या सगळ्याला एक वेळ असते. शॉकॲब्सॉर्बर मात्र कालच्यापेक्षा आज केसभर कमी काम करतो आणि त्या केसभर फरकाची भरपाई आपला हात करून टाकतो. स्पीडब्रेकरच्या आधी आपण वेग जरा जास्त उतरवतो. वळणावर स्टिअरिंग थोडं जपून फिरवतो. शेजारून मोठं वाहन गेलं की गाडी किंचित सरकते, ती आपण नकळत सावरतो. शिवाय चालवणाऱ्याला पुढचा खड्डा दिसत असतो, अंग आधीच तयार होतं. मागे बसलेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग नसतं, समोरचं नीट दिसत नसतं, आणि तो जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलेला असतो. आईला जे कळलं ते तिच्या जागेमुळेही कळलं.

शॉकॲब्सॉर्बर या नावाने मात्र घोळ करून ठेवला आहे. शब्दशः धक्का शोषणारा. पण चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा तो धक्का झेलते स्प्रिंग. स्प्रिंगला एकच खोड आहे, घेतलेलं ती ठेवून घेत नाही. दाबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते, तिला सोडून दिलं तर ती बराच वेळ नाचत राहील. ते नाचणं थांबवायचं काम शॉकॲब्सॉर्बरचं, म्हणजे गॅरेजात ज्याला शॉकअप म्हणतात त्याचं. आत तेलाने भरलेली नळी, तिच्यात पिस्टन, पिस्टनला बारीक वाटा. पिस्टन हलायचा तर तेलाला त्या वाटांतून घुसावं लागतं, आणि तेल सहजासहजी घुसत नाही. स्प्रिंगची उसळी त्या घुसण्यात खर्च होते आणि तिची उष्णता होते. लांबच्या खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपची नळी हाताला गरम लागते ती त्यामुळेच. तेलात फेस होऊ नये म्हणून बऱ्याच शॉकअपांत नायट्रोजन दाबाने भरलेला असतो. तेल आत अडवून धरणारं सील झिजलं की तेल पाझरतं, वायू निसटतो, आणि पिस्टन फेसातून इकडे-तिकडे फिरायला लागतो. फेस कुणाला अडवणार?

एक आकडा मला फार उपयोगी पडला. प्रवासी गाडीचं धूड स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वर-खाली होतं. चाक आणि त्याच्याबरोबर हलणारा लोखंडी संसार मात्र सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळा. शॉकअपला या दोन्ही हालचाली आवरायच्या असतात. पहिली आपल्याला पोटात कळते. दुसरी आपल्याला जवळजवळ कळतच नाही, ती टायरला कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सपाट जागी उभी करून मी चारही कोपरे दाबून पाहिले. दोन्ही तळहात बोनेटच्या कडेवर, मागे डिकीच्या कडेवर, अंगाचा भार टाकून जोरात खाली दाबायचं आणि सोडायचं. गाडी वर यावी आणि बसावी. पुढचे दोन्ही कोपरे तसेच बसले. मागचा उजवाही जवळपास बसला. मागचा डावा मात्र दोनदा डुलून मग थांबला. ही परीक्षा सोपी आहे आणि म्हणूनच तिच्यावर फार विसंबू नये, हे मी अनुभवाने सांगते. हाताच्या दाबाने गाडी सावकाश हलते, रस्त्यावर चाक कितीतरी वेगाने हलतं, त्यामुळे अर्धा झिजलेला शॉकअप या परीक्षेत खुशाल पास होतो. नापास झाला तर मात्र तो नक्की गेलेला आहे, असं समजावं.

मग मी मागच्या डाव्या चाकाच्या आड वाकून टॉर्च मारला. उजवीकडची नळी धुळकट, कोरडी. डावीकडच्या नळीवर वरच्या निम्म्या भागात ओलसर काळा थर, त्यावर बारीक खडी आणि माती चिकटून त्याचं जाड कवच झालेलं. बोट फिरवलं तर तेलाचा वास. पिस्टनच्या दांड्याबरोबर तेलाचा अगदी पातळ थर बाहेर येणं चालतं, सीलला वंगण म्हणून तो लागतोच. त्यामुळे किंचित ओलसरपणा दिसला म्हणून लगेच शॉकअप बदलायला धावू नये. पण तेल ओघळून खाली आलेलं असेल, माती धरून बसलं असेल, तर तो पाझर आहे. फरक ओळखायला त्याच गाडीचा दुसऱ्या बाजूचा शॉकअप शेजारी असतोच.

टॉर्च तसाच खाली नेला आणि टायर दिसला. मला सगळ्यात जास्त चुटपूट लागली ती इथे.

कारण हा टायर जेमतेम वर्षाचा होता. वर्षापूर्वी मागचे दोन्ही टायर घरघर आवाज करायला लागले होते. मी नवे टायर टाकले, बॅलन्सिंग केलं, म्हणजे चाकाचं वजन घेरावर सगळीकडे सारखं करून घेतलं, आवाज गेला, विषय संपला. आता त्या नव्या टायरवरून मी तळहात फिरवला. हे प्रत्येकाने एकदा करून पाहावं. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि हात सावकाश फिरवायचा, कारण झिजलेल्या टायरमधून कधी तार वर आलेली असते. हाताला उंच, खोल, उंच, खोल लागत गेलं. डोळ्यांना अजून फारसं दिसत नव्हतं, पण टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने वाटीसारखे खळगे पडायला लागले होते. जुन्या टायरवरही हेच होतं, तेव्हा मी पाहिलं नव्हतं. शॉकअप चाकाला रस्त्यावर दाबून धरत नव्हता, चाक सेकंदाला दहा-बारा उड्या मारत चाललं होतं, आणि प्रत्येक उडीनंतर टेकताना टायर थोडा खरवडला जात होता. मी खरवडला गेलेला टायर बदलला आणि खरवडणारं कारण जागच्या जागी ठेवलं.

गाडी टायर खायला लागली की कसा खाल्लाय ते बघायचं, ही गोष्ट मला तेव्हा कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. वाटीसारखे खळगे असतील तर आधी शॉकअप बघावा, आणि बॅलन्सिंगही. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली असेल तर चाक उभं नीट नाही, कलंडलेलं आहे. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडली असेल, नाहीतर बुश (सांध्यातलं रबर) किंवा बॉल जॉइंट (चाकाला सगळीकडे वळू देणारा गोळ्याचा सांधा) सैल झाला असेल किंवा स्प्रिंग बसली असेल. नक्षीवर एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखं लागत असेल, तर चाकं सरळ पुढे बघत नाहीत, तिरकी घासत चालली आहेत. दोन्ही कडा सारख्या झिजल्या तर बहुतेक वेळा हवा कमी, फक्त मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. तिथे सस्पेन्शनला उगाच दोष देऊ नये. आणि अलाइनमेंट करूनही गाडी महिन्याभरात पुन्हा एका बाजूला ओढत असेल, तर आणखी एकदा अलाइनमेंट करण्यात अर्थ नसतो. बहुधा कुठला तरी सांधा सैल आहे, तो आज जिथे बसवला तिथे उद्या राहत नाही.

गॅरेजात गेल्यावर मिस्त्रींना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, आवाज काही येतो का?"

मी म्हटलं, येतो, पुढून येतो, खडखड असा.

"खडखड की ठकठक?"

मला प्रश्नच कळला नाही. ते गाडीत शेजारी बसले, काचा खाली करायला सांगितल्या आणि म्हणाले, लांबलचक भिंत असेल तिच्या कडेने सावकाश घ्या. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि गाडीच्या आत जे ऐकू येत नाही ते खिडकीतून ऐकू येतं. रेडिओ बंद, पंखा बंद. त्या दहा मिनिटांत मी कानांनी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात मला सापडलं नसतं, कारण त्यातलं निम्मं नुसत्या ध्वनींच्या नावांत आहे.

खडखड म्हणजे काहीतरी सैल आहे आणि ते दोन्ही बाजूंना आपटतं आहे. छोट्या-छोट्या खड्ड्यांच्या रस्त्यावर, कमी वेगात पुढून खडखड आली तर संशय आधी लिंक रॉडवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधल्या आडव्या दांड्याचं टोक धरणाऱ्या छोट्या दांडीवर. ठक्क असा एकच ठोका, ब्रेक मारताना किंवा वेग घेताना, म्हणजे लोअर आर्मचा, चाकाला खालून धरणाऱ्या हाताचा, बुश बघा. रबर फाटलं की धातूला धातू भेटतो. करकर, कुरकुर, जुन्या दारासारखी, म्हणजे रबर सुकलं आहे किंवा बॉल जॉइंटमधलं ग्रीस गेलं आहे. मोठ्या खड्ड्यात धप्प म्हणजे सस्पेन्शन शेवटपर्यंत दबून रबरी अडथळ्यावर आपटतं आहे. कधीतरी झालं तर ठीक, दर खड्ड्याला झालं तर स्प्रिंग किंवा शॉकअप थकला आहे. आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की पुढून टण्ण, तार तुटल्यासारखा, म्हणजे वरचं माउंटिंग.

या शेवटच्याचं कारण समजून घेताना मला फार मजा आली. आज असंख्य गाड्यांच्या पुढच्या चाकांना जी रचना असते ती अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. १९५० साली फोर्डच्या कॉन्सल गाडीत ती होती. तिच्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवलेले असतात आणि स्टिअरिंग फिरवलं की तो अख्खा खांब फिरतो. तो फिरावा म्हणून वर एक चपटं बेअरिंग असतं. ते अडकलं की खांब फिरतो पण स्प्रिंगचं वरचं टोक फिरत नाही, स्प्रिंग पिळली जाते, पिळली जाते, आणि मग एकदम सुटते. तो टण्ण हा त्या सुटण्याचा आवाज. म्हणूनच या रचनेत शॉकअप गेला की नुसती उसळी वाढत नाही, स्टिअरिंगही बिघडतं.

माझी खडखडच निघाली. मिस्त्रींनी ती एका साध्या युक्तीने पक्की केली. आधी दोन्ही पुढची चाकं एकदम चढतील असा सरळ स्पीडब्रेकर घ्यायला लावला, आवाज नाही. मग गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवायला लावलं, लगेच खडखड. लिंक रॉड ज्या दांड्याला जोडलेला असतो तो डाव्या आणि उजव्या चाकाला बांधून ठेवतो, वळणावर गाडी कलंडू नये म्हणून. दोन्ही चाकं एकत्र वर गेली तर त्या दांड्याला पीळ बसत नाही, तो नुसता फिरतो. एकच चाक गेलं की पीळ बसतो आणि सगळा जोर लिंक रॉडच्या टोकांवर येतो. टोक सैल असेल तर ते तिथे बोलतं.

सगळेच आवाज सस्पेन्शनचे नसतात, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर कमी-जास्त होणारी घुंघुं चाकाच्या बेअरिंगची असते. स्टिअरिंग पूर्ण फिरवून वेग घेताना येणारी कटकटकट ॲक्सलच्या सांध्याची असते. ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग, आणि फक्त ब्रेक मारताना थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क.

गाडी वर घेतल्यावर त्यांनी चाक हलवून दाखवलं. एक हात वर, एक खाली, आळीपाळीने ओढायचं-ढकलायचं: प्ले, म्हणजे सैलपणा, लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग हात डावीकडे-उजवीकडे धरून तसंच: प्ले लागला तर टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा. घरी हे करायचंच असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून मुळीच करू नका, खाली पक्का स्टँड हवा. बॉल जॉइंटला प्ले असेल, रबर बूट फाटून ग्रीस बाहेर आलं असेल, तर पुढच्या महिन्यात बघू म्हणू नका. बाकी भाग झिजले की गाडी त्रास देते. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं होऊन गाडीखाली दुमडतं आणि मग स्टिअरिंग हातात असून उपयोग नसतो. ज्या गाडीचा बॉल जॉइंट ढिला आहे असं मिस्त्री सांगतात ती मी चालवत घरी नेणार नाही.

शॉकअपचा धोका इतका ढळढळीत दिसत नाही, पण तो धोकाच आहे. उडणारं चाक जेवढा वेळ रस्त्यावर दाबून टेकलेलं नाही, तेवढा वेळ ब्रेकला धरायला काही नाही. खडबडीत रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, ओल्या रस्त्यावर आणखी. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलं तरी ते टायरची पकडच वापरतं. पकड नसेल तर तेही काय करणार? ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक खाली घुसतं का, वेग घेताना मागची बाजू बसते का, रात्री समोरच्या रस्त्यावरचा दिव्याचा झोत उंचवट्यानंतर वर-खाली नाचत राहतो का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. झोताचं तर मला आता वेडच लागलं आहे.

एका मैत्रिणीच्या गाडीत याहून वेगळंच निघालं होतं. तिची गाडी पुढून उजवीकडे बोटभर खाली बसलेली दिसायची. टायरमध्ये हवा भरून झाली, फरक नाही. शेवटी आम्ही सपाट जागी टेपने चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजलं. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा घोळ घालते, म्हणून चाकाच्या मध्यापासून. डावीकडे आणि उजवीकडे दोन सेंटिमीटरचा फरक. स्प्रिंगचा अगदी खालचा वेढा तुटला होता आणि तुकडा बैठकीतच अडकून पडला होता. तिथे पाणी-माती साचते, रंग उडतो, गंज धरतो आणि स्प्रिंग तिथेच तुटते. मैत्रीण कित्येक आठवडे तशीच गाडी चालवत होती. स्प्रिंग बदलायचं काम मात्र घरी कुणी करू नये. गाडीतली स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत असते, योग्य साधनाशिवाय सोडवली तर ती माणसाला जायबंदी करू शकते.

माझ्या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप बदलले. पाझर एकाच बाजूला होता, तरी दोन्ही, कारण एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक थकलेला ठेवला तर दोन्ही बाजू वेगवेगळं वागतात. बनवणाऱ्या काही कंपन्या ८०,००० किलोमीटरच्या आसपास शॉकअप तपासून घ्यायला सांगतात. माझे त्याच्या कितीतरी पुढे गेले होते. पुढचे दोन्ही लिंक रॉड बदलले. डाव्या लोअर आर्मचा बुश तडकलेला होता, तोही.

बुशचं काम मी शेजारी उभी राहून पाहिलं. रबराची नळी, आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं. हातात घेतला तर इतका साधा की याच्यामुळे गाडी भरकटते यावर विश्वास बसेना. नवा बसवून मिस्त्रींनी बोल्ट घातला, पण आवळला नाही. मी विचारलं, राहिला का? म्हणाले, "आत्ता चाक लोंबकळतंय. आत्ता आवळला तर गाडी खाली ठेवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहील, सहा महिन्यांत फाटेल." गाडी खाली उतरवली, चाकांवर वजन आलं, ती आपल्या उंचीला बसली, आणि मग ते आडवे होऊन खाली सरकले आणि बोल्ट आवळला. घाईत असलेला माणूस हे करत नाही, आणि बिलावरून ते कळतही नाही. मला त्या माणसाबद्दल तिथेच विश्वास वाटला.

जुना शॉकअप त्यांनी माझ्या हातात दिला. दांडा दाबला तर पहिली चार बोटं काहीच विरोध नाही, सरळ आत, मग थोडा जड. सोडला तर जिथे होता तिथेच राहिला. नवा दाबायला दोन्ही हात लागले आणि सोडल्यावर तो स्वतःहून, एका लयीत, पूर्ण बाहेर आला.

अलाइनमेंट करून आणली आणि रविवारी आईला घेऊन त्याच रस्त्याने गेले. तो उंचवटा आला. गाडी वर गेली, खाली आली, बसली. मी आरशात पाहिलं. आईचा हात सीटच्या पाठीवर नव्हता, मांडीवर होता, आणि ती खिडकीबाहेर बघत होती. तिने गाडीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

खळगे पडलेले टायर अजून तेच आहेत, थोडी घरघर करतात, संपेपर्यंत करतील. पुढची खडखड गेल्यावर मात्र मला मागून एक बारीक कुरकुर ऐकू यायला लागली आहे, उजवीकडून, सकाळी गाडी गार असताना, पहिल्या दोन-तीन वळणांना. ती आधीपासूनच असणार, मोठ्या आवाजाखाली दबलेली. मागच्या ॲक्सलचा बुश असावा असं वाटतं. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवले आहेत, आणि येत्या रविवारी कुणालातरी स्टिअरिंगवर बसवून मी स्वतः मागच्या सीटवर, उजवीकडे बसणार आहे.